आधी पोर्च, मग घर

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. कोणी पाहावं, ते म्हणणाऱ्यानं सांगितलं नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-दिग्रसकडे ते सगळ्यांना ठाऊक आहे: मुलीवाल्यांनी. तेव्हा ‘आपल्या गरजेप्रमाणे घर निवडा’ असं कोणी शहाणा सांगू लागला, तर मान हलवा आणि घरात लग्नाचा पोरगा आहे का तेवढं पाहा. असेल, तर तुमची गरज स्लॅब ही आहे.

जागेपासून सुरुवात करू. जुनी माणसं भोळी. पिकवायला काळी आणि राहायला पांढरी, एवढाच त्यांचा हिशेब. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाय अडकेल एवढ्या भेगा पाडते, म्हणून गाव वसलं ते पांढरीवर. तुम्ही असला मागासलेपणा करू नका. डांबरी रोडला लागून कोणीतरी कपाशीच्या वावरात लेआउट पाडलेला असतोच. चुन्याच्या रेषा, एक कमान, कमानीवर कसलंसं ‘नगर’. घ्या तिथं प्लॉट. जमीन अकृषक झाली का, असं विचारू नये; विचारणा करणाऱ्याला चहा मिळत नाही.

एखादा म्हातारा मिस्त्री म्हणेल, पाया खोल घ्या, काळी काढून मुरूम भरा. त्याचं ऐकू नका. तो पैसा जमिनीखाली जातो, पाहुण्यांना दिसत नाही. तेवढ्यात पोर्चचे दोन गोल खांब होतात. आम्ही खांबच केले. दुसऱ्या उन्हाळ्यात हॉलच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग निघाली आणि छताकडे चालू लागली. ठेकेदाराला बोलावलं. त्यानं खिशातून रुपयाचं नाणं काढलं, भेगेत घालून पाहिलं आणि म्हणाला, “हे त काहीच नाही भाऊ, पुट्टी मारली का झालं.” नाणं आतच राहिलं. पुट्टी त्याच्यावरून मारली.

नकाशा मोबाइलवर मिळतो. ज्यानं काढला त्यानं आपल्याकडचा मे महिना पाहिलेला नसतो, हे उत्तमच. त्याचा हात मोकळा राहतो. खिडक्या अ‍ॅल्युमिनियमच्या, सरकत्या. त्यांच्यात कूलर बसत नाही. मग एक काच काढून तिथं कूलर लावायचा, उरलेल्या फटीत पुठ्ठा आणि पुठ्ठा पडू नये म्हणून जुनी साडी. पारा 45 च्या वर गेला की स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री, तुम्ही आडवे झालात की, सावकाश परत देतो. त्यात लाइन गेली, तर तुम्हाला शेजारी काय बोलतात तेही ऐकू येतं, कारण तेही बाहेरच आलेले असतात.

मागं आमचं जुनं धाब्याचं घर अजून उभं आहे. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, सागाच्या नाटा म्हणजे तुळया, वर पांढरी माती. दुपारी दोन वाजता आत शिरलं, तर डोळ्यांना काही दिसायच्या आधी गारवा लागतो. असल्या घराची शिफारस मी करणार नाही. दर वर्षी पावसाआधी वर माती टाका, लिंपा, सारवा. एवढं केलं नाही तर गळतं. स्लॅबचं तसं नाही. तो काही न करता गळतो.

घरकुल मिळालं असेल, तर फारच छान. प्रधानमंत्री आवास योजनेत आमच्यासारख्या सपाट मुलखाला 1 लाख 20 हजार धरले आणि घर किमान 25 चौरस मीटरचं. म्हणजे एक खोली, एक सैपाकाची जागा आणि एक म्हातारी. तेवढंच बांधलं तर घर पुरं होण्याची भीती असते. म्हणून पाया 600 फुटांचा घाला. हप्त्यागणिक फोटो काढायला माणूस येतो, त्याच्यासमोर सहकुटुंब उभे राहा. पैसे लिंटेलपर्यंत, म्हणजे दार-खिडक्यांच्या माथ्यापर्यंत पुरतात. तिथून पुढे सावकार आहेच.

आता राहणीमान. हॉल मोठा हवा, याबद्दल दुमत नसावं. सोफा, टीव्ही, छताला पीओपी. आमचा हॉल 14 बाय 18. त्याचं खरं मोल आम्हाला कळलं ते कापसामुळे. 2022 साली कापूस क्विंटलला 10 हजारांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात आम्ही ठरवलं, तेवढा भाव आल्याशिवाय बोंडही विकायचं नाही. वेचा घरी आला की हॉलमध्ये. सोफा आधी भिंतीला गेला, मग उभा झाला, मग दिसेनासा झाला. फेब्रुवारीत पंखा बंद करावा लागला, कारण पातं कापसाला लागत होतं. भाव काही आला नाही. मे महिन्यात पोरांच्या अंगाला खाज सुटली, माय म्हणाली, “विकून टाका बाप्पा आता.” आम्ही म्हटलं, आठ दिवस थांबू.

त्याच आठ दिवसांत लहान भावासाठी पाहुणे आले. मुलीचा बाप, मामा, मावसा, आणखी तिघे. पोर्चमध्ये उतरले, गोल खांबांवर हात फिरवला, मामानं फरशी पायानं ठोकून पाहिली. मग हॉलचं दार उघडावं लागलं.

कापूस थोडा बाहेर आला.

शेवटी सगळ्यांना मागच्या धाब्यात नेलं. माठातलं पाणी दिलं, सतरंजी टाकली, पोहे झाले, चहा झाला, पोरगी बारावी झाली आहे आणि पोराच्या नावानं तीन एकर आहे हे दोन्हीकडून सांगून झालं. बोलता बोलता मुलीचा बाप भिंतीला टेकला आणि झोपला. चांगला तासभर. कोणी उठवलं नाही. उठला तेव्हा तोंडावरून उपरणं फिरवत वर नाटांकडे पाहत राहिला.

“असं घर आता कोन बांधून देते जी?”

बाबा घाईघाईनं म्हणाले, “हे नाही राहत, पाव्हणं. दिवाळीनंतर पाडतो. इथं गाडी उभी राहीन.”