दान देऊन फायदा झाला, तर बिघडलं काय?

पुण्यात एखाद्या कंपनीने शाळेला संगणक दिले की कट्ट्यावरची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "जाहिरात आहे सगळी." दुसरी जरा जास्त शहाणी: "करात सूट मिळते, फुकट कोण देतंय!" तिसरी कारखानदारांच्या गोटातून येते: "आम्ही रोजगार देतो, जीएसटी भरतो, वर आणखी दानधर्म कशाला?" मी बरीच वर्षं अमेरिकेत, मिनेसोटात राहते. सुट्टीत घरी आले की हे तिन्ही सूर कानावर पडतात. तिन्हींच्या तळाशी समजूत एकच, की देणाऱ्याचा फायदा झाला की दान बाटलं.

उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, ही शिकवण माणसासाठी ठीक आहे. कंपनीला हात नसतात, ताळेबंद असतो, आणि त्यात गेलेला रुपया भागधारकाला कळावाच लागतो. करसुटीचं म्हणाल तर २०१४ सालीच प्राप्तिकर कायद्यात दुरुस्ती होऊन सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकामाला द्यायचा, पैसा धंद्याचा खर्च म्हणून नफ्यातून वजा करायची वाट बंद झाली. काही देणग्यांना ८०जी या करसवलतीच्या कलमाचा आधार मिळू शकतो, त्यावर सीए मंडळी वाद घालत असतात. पण "सगळं करात वाचतं" हे काही खरं नाही.

अमेरिकेत उलट आहे. इथे कंपनीला देणगीची वजावट पूर्वीपासून मिळते. करपात्र उत्पन्नाच्या पाच टक्क्यांची मर्यादा १९८१ मध्ये दहा टक्के झाली. आता २०२६ पासून पहिल्या एक टक्क्यावर वजावट नाही, म्हणजे चिमूटभर देणाऱ्याला काहीच मिळणार नाही. देण्याची सक्ती मात्र कुणावरच नाही. तरीही मिनियापोलिसच्या डेटन कंपनीने, म्हणजे आजच्या टार्गेट या दुकानसाखळीच्या पूर्वजाने, १९४६ पासून नफ्यातले पाच टक्के समाजकामाला द्यायला सुरुवात केली. १९७६ साली इथल्या चेंबर ऑफ कॉमर्सने असं देणाऱ्या कंपन्यांना एकत्र आणलं. त्या मंडळाचं नाव 'फाइव्ह परसेंट क्लब'. पुढे दोन टक्केवाल्यांनाही त्यात जागा मिळाली.

याचा फायदा काय झाला, ते १९८७ साली दिसलं. डार्ट ग्रुप नावाच्या बाहेरच्या कंपनीने डेटन हडसन, म्हणजे तीच डेटन, गिळायचा घाट घातला. गव्हर्नर रूडी पर्पिच यांनी विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं आणि असं अधिग्रहण अवघड करणारा कायदा एका दिवसात मंजूर झाला. नोकऱ्यांची चिंता होतीच. पण बाजारात टोळधाड आल्यावर गाव एखाद्या दुकानदाराच्या मागे उभं राहतं, तेव्हा त्याने आधी चाळीस वर्षं गावाला काय दिलं, हेही लोकांच्या डोक्यात असतंच.

ही गोष्ट मी माझ्या मामेभावाला मोठ्या कौतुकाने सांगितली. त्याचा भोसरीत वर्कशॉप आहे. तो म्हणाला, "ताई, याला आमच्याकडे सेटिंग म्हणतात."

त्याचं अगदीच चूक नाही. देणग्यांच्या पुण्याईवर कंपन्यांनी कायदे करून घ्यायचे ठरवलं तर अवघड आहे. तरी मला त्यात वशिल्यापेक्षा पत जास्त दिसते. वशिला एका माणसाकडे असतो, तो निवडणूक हरला की संपतो. पत गावभर पसरलेली असते आणि ती जमवायला वेळ लागतो.

मामेभावाचं पुढचं म्हणणं असं, की सीएसआर हा मोठ्यांचा खेळ. हेही कायद्याने खरं आहे. १ एप्रिल २०१४ पासून ज्या कंपनीचं नेटवर्थ ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम खर्च करायची. मोठ्या कंपन्यांसाठी जॉबवर्क करणारा हा यात कुठे बसणार? "आमचं सीएसआर म्हणजे गणपतीची वर्गणी," असं तो म्हणतो. पावतीपुस्तक घेऊन पाच मंडळं येतात, पाचांना द्यावे लागतात. काही मंडळं रक्तदान शिबिरं घेतात, रुग्णवाहिका चालवतात, ते मान्यच. पण कटकट नको म्हणून दिलेल्या पैशातून देणाऱ्याला कटकट टळण्यापलीकडे काही मिळत नाही, आणि का मिळावं?

याच माणसाने काही वर्षांपूर्वी एक काम केलं, ते त्याच्या लेखी दानात बसतच नाही. नवं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं यंत्र, आल्यावर जुना लेथ भंगारात निघाला होता. ओळखीतल्या एका आयटीआयच्या सरांनी तो मागितला. याने तो जसाच्या तसा ढकलून दिला नाही. बेड साफ करून घेतला, फोर-जॉ चक बदलला, टूलपोस्ट नवा बसवला, मग हायड्रा क्रेन बोलावून टेम्पोत चढवला. बसवायला स्वतः गेला आणि तिथे पोरं मायक्रोमीटर कसा धरतात ते बघून वैतागला. "रॅचेट सोडून थिंबलच आवळतात, मग रीडिंग कुठून बरोबर येणार? आणि शून्य कुणी तपासत नाही." तेव्हापासून अधूनमधून शनिवारी तो तिथे तास-दोन तास शिकवतो. शिकवतो म्हणजे ओरडतो, असं त्याची बायको म्हणते.

आता हिशेब बघा. भोसरीत ऑपरेटर पाचशे रुपये जास्त मिळाले की शेजारच्या गाळ्यात जातो. नवा आला की तो शिकेपर्यंत रिजेक्शन, म्हणजे नापास माल, वाढतं आणि माल परत येतो. त्या आयटीआयमधून याच्याकडे आलेली पोरं टिकली. यानेच त्यांना ओरडून शिकवलेलं, काम आवडतं का हे दोन्ही बाजूंना आधीच कळलेलं. जाहिरात आणि एजंटचं कमिशन दोन्ही वाचलं. लेथचे भंगारात किती आले असते, ते त्याला आजही तोंडपाठ आहे. पण सौदा तोट्यात गेला असं तो म्हणत नाही.

धंद्याने फक्त नफा बघावा असं म्हणणारे अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांच्या १९७० च्या लेखाचा दाखला देतात. त्याच लेखात फ्रीडमन कबूल करतात, की लहान गावातल्या मोठ्या कंपनीने गावाच्या सोयींवर खर्च केला तर चांगली माणसं मिळतात, पगाराचा बोजा हलका होतो, चोऱ्यामाऱ्याही कमी होतात. त्यांचा राग त्या खर्चाला समाजसेवा म्हणण्यावर आहे. मग नका म्हणू. मामेभाऊ तरी कुठे म्हणतो?

आणखी जुनं उदाहरण न्यू जर्सीतलं आहे. व्हॉल्व्ह आणि अग्निशमनाचे हायड्रंट बनवणाऱ्या ए. पी. स्मिथ कंपनीने प्रिन्स्टन विद्यापीठाला १५०० डॉलर दिले, तर भागधारकांनी त्याला हरकत घेतली. १९५३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने देणगी वैध ठरवली. कंपनी ज्या समाजात चालते तो सुशिक्षित आणि धडधाकट राहण्यात तिचंही हित आहे, असा त्या निकालाचा रोख होता.

पुण्याला हे कोर्टाकडून शिकायची गरज पडू नये. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून पैसाफंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. म्हणजे आपल्याकडे आधी समाजाने उद्योगाला वर्गणी दिली आहे. आणि २०२१ चा एप्रिल आठवा. कारखान्यांचा ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळला आणि गॅस कटिंगची कामं ठप्प झाली. तेव्हा मराठा चेंबर या उद्योजकांच्या संस्थेच्या पुढाकारातल्या पुणे प्लॅटफॉर्म फॉर कोविड रिस्पॉन्सने ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि व्हेंटिलेटर मिळवण्यासाठी धडपड केली. शहर आजारी असेल तर चाकणच्या कारखान्यांची लाइन चालत नाही, हे तेव्हा कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही.

अमेरिकेतलं सगळं गोड आहे असं मला म्हणायचं नाही. इथे देणं मर्जीचं असल्यामुळे नफा आटला की पहिली कात्री तिथेच लागते. मुख्यालय दुसऱ्या राज्यात गेलं की देणगीही सामान बांधून निघते. आपल्या दोन टक्क्यांनी किमान एक तळ बांधला आहे. तो उखडा म्हणणाऱ्यांच्या बाजूची मी नाही. २०२१ पासून न खर्चलेली रक्कम गिळून बसायचीही सोय राहिली नाही. ती सरकारी निधीत किंवा चालू प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात टाकावी लागते, नाहीतर दंड.

माझी तक्रार वेगळीच आहे. दोन टक्के हे कम्प्लायन्स, म्हणजे नुसतं नियम पाळणं, झालं आणि कंपनी सेक्रेटरी आणि सीएच्या टेबलावर गेलं. मार्चअखेर जवळ आला की वह्या, दप्तरं, फ्लेक्स, फोटो. कारखान्यातल्या माणसाला आपली कंपनी कुठे काय देते हे माहीतही नसतं. मग तिला त्याचा फायदा कुठून होणार? लोगो छापलेली वही वर्ष संपेपर्यंत संपते.

इथे आमच्या कंपनीचे लोक फीड माय स्टार्व्हिंग चिल्ड्रन या मिनेसोटातल्याच संस्थेत अन्नाची पाकिटं भरायला जातात. तांदूळ, सोया, सुकवलेल्या भाज्या, जीवनसत्त्वांची भुकटी. डोक्यावर जाळीदार टोपी घालावी लागते. त्या टोपीत प्लांट मॅनेजर आणि फोर्कलिफ्टवाला सारखेच विनोदी दिसतात. आमचा डिस्पॅचचा माणूस वजनकाट्यावर होता आणि त्याने मॅनेजरची पाकिटं तीनदा परत पाठवली. मी क्वालिटीत आहे. ज्या माणसाशी वर्षभर फक्त ईमेलवर भांडले होते, त्याच्याशी मी तिथे पहिल्यांदा धड बोलले. पुढे एका रिजेक्शनच्या वेळी त्याने आधी फोन केला, मग ईमेल.

आपल्या कायद्यात हे बसत नाही. कर्मचाऱ्याने दिलेल्या तासांची किंमत लावून ती दोन टक्क्यांत धरता येत नाही. फसवाफसवी टाळायला नियम ठीकच आहे. पण कायदा तास मोजत नाही म्हणून कंपन्यांनीही तास देणं दुय्यम मानलं. फायद्याचा मोठा भाग तर तासांत आहे. रुपये परक्या हाताने जातात, तासाला तुमचा माणूस जातो आणि काहीतरी बघून येतो.

लहान धंद्यांना तर तासच परवडतात. त्यांना आता बाहेरूनही रेटा आहे. सेबीने शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे समाज आणि पर्यावरणाच्या जबाबदारीचा, अहवाल सक्तीचा केल्यावर मोठ्या कंपन्या आपल्या व्हेंडरांनाही, म्हणजे माल पुरवणाऱ्यांनाही, प्रश्नावल्या पाठवू लागल्या आहेत. मामेभावाच्या व्हेंडर ऑडिटमध्ये 'समाजासाठी काय करता' असा रकाना होता. त्याने आधी रेघ मारली, मग खोडून आयटीआयचं लिहिलं. ऑडिटरने तेवढ्यापुरता मान वर करून प्रश्न विचारला, म्हणे.

म्हणून मी त्याला सुचवलं, की मिनियापोलिसच्या त्या क्लबसारखी देणाऱ्यांची यादी पुण्यातही निघावी. मराठा चेंबर १९३४ पासून आहे, भोसरी-चाकणच्या उद्योजकांच्या संघटना आहेत. दोन टक्क्यांच्या कक्षेबाहेरचे धंदे स्वखुशीने नाव नोंदवतील. तो घाबरलाच. "नाव छापून आलं की पावतीपुस्तकवाले दुप्पट येतील, ताई." हा आक्षेप मात्र खरा आहे. मग यादीत रुपयांचा आकडा नकोच. कुठल्या शाळेला, कुठल्या आयटीआयला, महिन्याला किती तास, एवढंच असावं. तास मागायला मंडळं येणार नाहीत.