विल झालं, पण सहीचं काय?

आमच्या भावंडांच्या ग्रुपवर महिनाभर एकच विषय चाललाय, प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला. डिसेंबर २०२५ मध्ये भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं कलम २१३ काढून टाकलं, म्हणजे मुंबई, कोलकाता, चेन्नईतल्या मालमत्तेच्या मृत्युपत्राला हिंदू, जैन, पारशी वगैरे लोकांना कोर्टातून प्रोबेट घ्यायची जी सक्ती होती ती गेली. चांगलं झालं, मामाच्या फ्लॅटपायी मामेभावाच्या कोर्टाच्या चकरा आम्ही सगळ्यांनी बघितल्यात. पण मग एका चुलतभावाने लिहिलं, "चला, आता विल करून ठेवलं की सुटलो," आणि मला राहवलं नाही. विल माणूस गेल्यावर लागू होतं. त्याच्या आधीच्या, माणूस आहे पण त्याला काही कळत नाही अशा सहा-सात वर्षांचं काय?

बाबांचं सांगते. त्यांना विसरायला व्हायला लागलं तेव्हा एक मोठी एफडी एकट्या त्यांच्या नावावर होती, आई नॉमिनी. ती मोडायची म्हणून मी सुट्टीत आलेली असताना त्यांना बँकेत नेलं. आदल्या रात्री त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सहीचा सराव केला, शाळकरी मुलासारख्या ओळीच्या ओळी, तरी काउंटरवर पेन हातात आल्यावर त्यांनी सही मराठीत केली. चाळीस वर्षं त्यांची बँकेतली सही इंग्रजी. मॅनेजर भला माणूस होता, पाणी दिलं, पुन्हा करू म्हणाला, पुन्हा मराठीतच झाली. मग त्याने बाबांना तारीख, वार विचारला आणि फाइल मिटली.

दादाकडे, बाबांच्या वतीने व्यवहार करता यावेत म्हणून, बाबांची रजिस्टर्ड पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी होती, आम्ही त्यावर निर्धास्त होतो. वकिलाने सांगितलं की करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ती पॉवरही संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, नेमका त्या दिवशी तो निकामी! आता हायकोर्टात रिट याचिका करून बाबांसाठी पालक नेमून घ्या, म्हणाला. नॉमिनी असून आईला काही करता येईना, कारण नॉमिनीचा नंबर लागतो माणूस गेल्यावर. घरी दोन शिफ्टला अटेंडंट, मेडिक्लेम त्याचे पैसे देत नाही, दादा आणि मी भरत होतो, आणि बाबांचे स्वतःचे पैसे बाबांसाठीच वापरता येत नव्हते.

मी इंग्लंडमध्ये एकोणीस वर्षं आहे. शेजारच्या आजींनी अडुसष्टाव्या वर्षी, धडधाकट असताना, लास्टिंग पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी केली, एक पैशा-मालमत्तेची आणि एक तब्येतीच्या निर्णयांची. त्यात एक सही अशा माणसाची लागते जो घरचा नाही पण दोन वर्षं तरी चांगला ओळखतो, की यांना कळतंय आणि कोणी दबाव टाकलेला नाही. ती सही माझी. त्यांनी मुलीला बाहेर बसवलं आणि मला एकेक कलम समजावून सांगितलं, मी विचारायच्या आधीच. पुढे त्यांना डिमेन्शिया झाला तेव्हा मुलीने त्याच कागदावर बँक, बिलं, सगळं चालवलं. हे शक्य झालं कारण इथे २००५ चा मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट आहे, क्षमता गेल्यावर पॉवर संपत नाही, उलट तेव्हाच कामी येते.

इथलं सगळं छान आहे असं मात्र मुळीच नाही. आजींना केअर होममध्ये जावं लागलं, घर रिकामं राहिलं म्हणून ते हिशोबात धरलं, आणि तेवीस हजार अडीचशे पौंडांच्या वर मालमत्ता असेल तर काउन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, एक पेनी देत नाही. कॅन्सर झाला असता तर एनएचएसने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेने, फुकट बघितलं असतं, डिमेन्शियाला घर विकावं लागलं. मला हा अन्याय वाटतो. स्कॉटलंडमध्ये २००२ पासून निदान अंघोळ-कपडे-भरवणं याची पर्सनल केअर मोफत आहे, इंग्लंडने मात्र खर्चाला शहाऐंशी हजार पौंडांची कमाल मर्यादा घालू म्हणत म्हणत २०२४ मध्ये ती योजनाच रद्द केली. आणि घर आधीच मुलांच्या नावावर करून टाकलं तरी सुटका नाही, फी चुकवायला केलंय असं काउन्सिलला वाटलं तर ते घर तुमचंच धरतात.

पण निदान नियम लिहिलेला आहे, पैसे कोणाचे जाणार ते आधी कळतं. आपल्याकडे उत्तर ठरलेलं, "मुलं बघतात." आमच्याकडे मुलं म्हणजे वहिनी. तिने नोकरी सोडली, त्या सहा वर्षांचा पगार, पीएफ, कशातच धरला नाही कोणी, मीसुद्धा पैसे पाठवले की माझं झालं असं समजत होते. आणि प्रेमापोटी घर मुलांना गिफ्ट करून टाकतात, महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कही दोनशेच रुपये, मग मुलं बघेनाशी झाली की घर परत मिळवायला ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ट्रायब्युनलमध्ये जायची वेळ येते. २००७ च्या त्या कायद्यात निर्वाह भत्त्याची मर्यादा महिना दहा हजार, तेवढ्यात अटेंडंटची एक शिफ्टसुद्धा भागत नाही. माझं स्पष्ट मत, घर जिवंतपणी देऊ नये, विलमध्ये द्यावं, आणि केअरसाठी विकावं लागलं तर विकावं, ते त्यांचं आहे. प्रोबेटची सक्ती काढायला संसदेला वेळ मिळाला, तर क्षमता गेल्यावरही टिकणाऱ्या पॉवरचा कायदा करायलाही मिळायला हवा, आणि ही मागणी आपणच करायला पाहिजे.

तोपर्यंत जमेल तेवढं. आई चौऱ्याहत्तरची आहे, सगळं लक्षात असतं. डिसेंबरात मी जातेय, तिची खाती आणि एफडी दादाबरोबर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो) करायच्या, दोन साक्षीदार ठेवून विल करायचं, त्याच दिवशीचं डॉक्टरचं सर्टिफिकेट घ्यायचं, आणि वहिनीचा वाटा तिच्या नावाने लिहायचा, हे आईनेच सुचवलं. परवा फोनवर तिने विचारलं, सही इंग्रजीत करू का मराठीत. मी म्हटलं मराठीतच कर, बँकेतही आता तीच नोंदवून घेऊ.