दाताने चालते, मांडीवर चालत नाही

माझ्या नवऱ्याला गिटार वाजवता येत नाही. त्याच्या मित्रांनाही येत नाही. आमच्या माळ्यावर एक गिटार आहे. तिच्या दोन तारा तुटल्यात आणि पोटात कसलीशी चावी पडलीये. दिवाळीची साफसफाई करताना गिटार हलवली की चावी खुळखुळते, तेवढंच त्या वाद्याचं वादन. पण जगातला सर्वांत थोर गिटारवादक कोण, हा वाद मात्र माझ्या लग्नाच्या आधीपासून चालू आहे आणि तो आमच्याच घरी, शनिवारी संध्याकाळी, माझ्या भज्यांच्या साक्षीने चालतो.

नवरा जिमी हेन्ड्रिक्सचा. डॉक्टर, म्हणजे दातांचे डॉक्टर, एरिक क्लॅप्टनचे. तिसरे सहकारी बँकेत कर्ज विभागात आहेत. ते पिंक फ्लॉइड बँडच्या डेव्हिड गिल्मोरचे. शिवाय शिकायला आमच्याकडे राहिलेला भाचा आहे. त्याचा लाडका वादक म्हणजे टिम हेन्सन नावाचा एक तरुण पोरगा, ज्याच्याबद्दल बाकी तिघं 'बोटं चांगली आहेत हो' एवढंच बोलतात. स्थळ नाकारताना मुलीचा स्वयंपाक चांगला आहे म्हणतात, त्या सुरात.

हेन्ड्रिक्सची केस मला पाठ आहे. पहिला अल्बम 1967 साली, मृत्यू 1970 साली, वय 27. डावखुरा माणूस, उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवायचा. पाठीमागे धरून वाजवायचा, दातांनी वाजवायचा. इथे डॉक्टर दर वेळी व्यावसायिक हरकत घेतात. पोलादी तार आणि पुढचे दात, इनॅमलचं काय होत असेल, कुणी विचार केलाय का? नवरा म्हणतो की कलेपुढे इनॅमल क्षुल्लक आहे. डॉक्टर म्हणतात, "माझ्या खुर्चीत बसून म्हणून दाखव."

मग 1967चा तो अमेरिकेतल्या मॉन्टेरी संगीत महोत्सवाचा प्रसंग येतो. हेन्ड्रिक्सने भर मंचावर गिटारवर लायटरचं तेल ओतलं, गुडघ्यावर बसला आणि तिला काडी लावली. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांचा हात थांबला.

"वाद्याला नुसता पाय लागला तरी आपण नमस्कार करतो. खंडेनवमीला पूजा करतो. आणि हा पेटवतो?"

"आई, ते अर्पण होतं."

"मग तुझी माळ्यावरची अर्पण कर. जागा होईल."

क्लॅप्टनची बाजू मांडताना डॉक्टर थेट देवापर्यंत जातात. साठच्या दशकात लंडनमध्ये इस्लिंग्टनला कुणीतरी भिंतीवर रंगाने लिहिलं होतं, 'क्लॅप्टन इज गॉड.' डॉक्टरांच्या लेखी विषय तिथेच संपतो. देवाला काय क्रमांक द्यायचा? त्या भिंतीचा एक प्रसिद्ध फोटो आहे. तो त्यांनी मला मोठ्या भक्तिभावाने मोबाइलवर दाखवला. मी नीट पाहिला. भिंतीच्या खाली एक कुत्रं मागचा पाय वर करून उभं आहे. मी ते दाखवल्यावर डॉक्टर म्हणाले, "वहिनी, तुम्ही नेमकं नको तिथे बघता."

इतके शनिवार ऐकून मला एक गोष्ट कळली आहे. या वादात निकष नावाचा एक शब्द फार वापरतात, पण आधी नवरदेव पसंत करायचा आणि मग पत्रिका जुळवायला बसायचं, तसा तो प्रकार आहे. गुण छत्तीसच्या छत्तीस जुळतात. नाही जुळले तर पत्रिका बदलतात.

उदाहरणार्थ बँकवाले. 2019 साली गिल्मोरची काळी स्ट्रॅटोकास्टर गिटार न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात 39 लाख 75 हजार डॉलर्सना गेली. ही बातमी घेऊन ते आमच्याकडे आले तेव्हा येताना पेढे आणले होते. जणू पैसे त्यांच्याच शाखेत जमा झाले. "बाजार खोटं बोलत नाही," असं ते सोफ्यावर बसून म्हणाले, आणि मूल्यांकन या विषयावर अर्धा तास बोलले. पुढच्याच वर्षी निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनची, एमटीव्ही अनप्लग्ड या कार्यक्रमातली साधी लाकडी गिटार 60 लाख डॉलर्सना विकली गेली. भाच्याने ही बातमी जेवताना, वरणाची वाटी पुढे करत, अगदी नम्रपणे सांगितली. बँकवाल्यांनी वरण घेतलं, भात कालवला आणि म्हणाले, "कलेचं मोल पैशात करणं हीच मुळात विकृती आहे."

वेगाचंही तेच. एडी व्हॅन हेलनचं 1978चं 'इरप्शन' 1 मिनिट 42 सेकंदांचं आहे. तेवढ्यात चहाला उकळीही येत नाही, पण त्या काळात तो माणूस दोन्ही हातांची बोटं गिटारच्या मानेवर ठोकून असा काही पाऊस पाडतो की नवरा डोळे मिटून सोफ्याच्या कडेवर बोटं आपटत बसतो. डॉक्टरांना मात्र वेग म्हणजे सवंग वाटतो. ते लगेच ब्लूजवाल्या बी. बी. किंगला मदतीला बोलावतात. एक सूर लावावा, तो थरथरवावा आणि माणसाच्या काळजाला हात घालावा. आपल्याला कॉर्ड्स, म्हणजे एकदम अनेक सूर छेडणं, जमत नाहीत, हे किंग स्वतःच उघड सांगायचा. "बघा, जो थोर असतो तो कबूल करतो." यावर नवऱ्याने विचारलं, मग क्लॅप्टनला लोक 'स्लोहँड' म्हणायचे, तो हळू वाजवायचा म्हणून का? डॉक्टर उसळले. हळू कशाला, तो भयंकर वेगाने वाजवायचा! मग वेग सवंग ना? भजी गार झाली.

सगळ्याच गोष्टी हसण्यावारी नेता येत नाहीत. बोटांची गोष्ट निघाली की मीसुद्धा गॅस बारीक करून दारात येऊन उभी राहते. टोनी आयोमी, ब्लॅक सॅबाथ बँडचा. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरी सोडली होती, तो शेवटचा दिवस, आणि यंत्रात उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे ज्या हाताने तारा दाबायच्या तोच हात. तिथले डॉक्टर म्हणाले, संपलं. मग कारखान्याचा मॅनेजर त्याच्या घरी एक रेकॉर्ड घेऊन गेला आणि ऐक म्हणाला. ती जँगो राइनहार्टची होती. जँगोच्या कारवॅनला 1928 साली आग लागली, डाव्या हाताची दोन बोटं कायमची निकामी झाली, आणि उरलेल्या दोन बोटांवर तो युरोपातला सर्वांत मोठा जॅझ गिटारवादक झाला. आयोमीने मग प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांच्या टोप्या बनवल्या, वर चामडं चिकटवलं. बोटं दुखू नयेत म्हणून हलक्या तारा लावल्या, पुढे तारांचा सूरही खाली उतरवला. हेवी मेटलचा तो जड, काळा, जमिनीखालून आल्यासारखा आवाज घडला त्यात त्या दोन बोटांचा वाटा आहे.

इथे आमच्या डॉक्टरांचा आवाज दर वेळी घोगरा होतो. ते खोबरेल तेलाच्या बाटलीचं बूच बोटावर चढवून दाखवतात आणि मिनिटभर कुणी काही बोलत नाही. मग बँकवाले हळूच विचारतात, "पण अपघाताचे गुण वेगळे धरायचे का?" आणि पुन्हा सुरू.

सासरे या सगळ्यात पडत नसत. ते आतल्या खोलीत बातम्या बघायचे. एकदा केबल गेली म्हणून बाहेर आले, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "ब्रिजभूषण काब्रा."

शांतता.

"1967. 'कॉल ऑफ द व्हॅली'. शिवकुमारांचं संतूर, हरिजींची बासरी आणि काब्रांची गिटार. तुमच्या हेन्ड्रिक्सचा पहिला अल्बम त्याच साली ना? मग धरा की स्पर्धेत."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मतभेद असलेली माणसं किती पटकन एक होतात ते मी त्या दिवशी पाहिलं. नवरा समजुतीच्या स्वरात म्हणाला, "बाबा, ते थोरच आहेत. पण ती हवाइयन गिटार. मांडीवर आडवी ठेवून, वरून पट्टी फिरवून वाजवतात. आपण इथे धरून वाजवण्याबद्दल बोलतोय."

"म्हणजे दाताने वाजवलेली चालते. पेटवलेली चालते. मांडीवर ठेवलेली चालत नाही?"

याला उत्तर नव्हतं. बाबांनी मग एकेक पत्ता टाकला. विश्वमोहन भट्ट, ज्यांनी गिटारीला जादा तारा लावून तिची मोहनवीणा केली आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबरच्या अल्बमला ग्रॅमी आणलं. मग 'दम मारो दम'. सुरुवातीची ती गिटार कुणी वाजवली माहितीये? भूपिंदरने. हो, तोच, गझला गाणारा. आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत आयुष्य काढलेले ते सगळे गोवेकर वादक, ज्यांची नावं तबकड्यांवर कधी छापलीच नाहीत, त्यांची यादी कोण करणार? लेड झेपलिन बँडचा जिमी पेज 1972 साली मुंबईत आला तेव्हा इथल्याच वादकांना घेऊन त्याने आपली गाणी रेकॉर्ड करून बघितली होती. एवढं बोलून बाबा पाणी प्यायले आणि केबल आली का ते बघायला आत गेले. त्यानंतर आमच्याकडे शनिवारी केबलची विशेष काळजी घेतली जाते.

सासूबाईंचं मत मात्र फार लवकर ठरलं. क्वीन बँडच्या ब्रायन मेबद्दल बोलणं चाललं होतं. त्याने वडिलांच्या मदतीने घरीच गिटार बनवली, तिची मान जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची, आणि तो ती प्लास्टिकच्या पिकऐवजी सहा पेन्सच्या नाण्याने वाजवतो. इथवर त्या गप्प होत्या. मग भाचा म्हणाला की त्याने बँडसाठी पीएचडी अर्धवट सोडली होती, आणि 2007 साली, साठीला, परत जाऊन पूर्ण केली.

"पूर्ण केली ना?" सासूबाईंनी भाच्याकडे रोखून पाहिलं. भाच्याचे गणिताचे दोन पेपर राहिलेत. "तोच पहिला. विषय काय होता?"

"अंतराळातली धूळ."

सासूबाईंनी सोफ्याखाली नजर टाकली, मग माझ्याकडे. मी भजी उलटायला आत गेले.

एवढ्या वर्षांत मला कुणी मत विचारलं नव्हतं, आणि माझी तक्रारही नव्हती. पण नवऱ्याने रोलिंग स्टोन मासिकाची 2003 सालची 100 गिटारवादकांची यादी छापून, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ठेवली आहे. वाद फार चिघळला की ती काढतात. एकदा ती ओट्यावर राहिली आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मी वाचली. शंभरात बायका दोन. जोनी मिचेल 72वी, जोन जेट 87वी. मी बाहेर येऊन विचारलं, जगात बायका गिटार वाजवत नाहीत का हो? तिघंही एका सुरात म्हणाले, "जोनी मिचेल!" आणि लगेच, "पण ती मुख्यतः गीतं लिहिते म्हणून."

त्या रात्री मी मोबाइल घेऊन बसले आणि मला सिस्टर रोझेटा थार्प सापडली.

1964 साल, मँचेस्टर. बंद पडलेलं रेल्वे स्टेशन, त्याच्या एका फलाटावर मंच, रुळांपलीकडच्या फलाटावर प्रेक्षक. पाऊस पडतोय. घोडागाडीतून एक बाई उतरते. पन्नाशीला टेकलेली, अंगात भारी कोट, पायात उंच टाचा, आपल्याकडे मुलाच्या मुंजीला विहीणबाई येतील त्या थाटात. फलाटावर चालत येते, पांढरी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवते, पाऊस बघून पावसाचंच गाणं धरते. आणि मग असा काही तुकडा वाजवते की मी पांघरूण बाजूला करून उठून बसले. ही बाई 1938 सालापासून रेकॉर्ड करत होती. हेन्ड्रिक्सचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता.

पुढच्या शनिवारी मी नाव घेतलं. बँकवाले म्हणाले, "वहिनी, ते गॉस्पेल. देवाचं गाणं. भजन म्हणा ना." मी डॉक्टरांकडे पाहिलं, "देव तर तुम्हाला चालतो." डॉक्टर म्हणाले, तो वेगळा. नवरा म्हणाला, यादीतच नाही ती. तेव्हा मी रोलिंग स्टोनचीच 2023 सालची नवी यादी उघडली. रोझेटा थार्प सहावी. गिल्मोर तिच्या खाली, आणि क्लॅप्टन पहिल्या दहातसुद्धा नाही.

"2023ची धरायची नाही," डॉक्टर म्हणाले. "2003चीच प्रमाण," बँकवाले म्हणाले. हेन्ड्रिक्स दोन्ही याद्यांत पहिला, तरी नवऱ्याने मित्रांचीच बाजू घेतली. तो मुद्दा मी वेगळा ठेवला आहे.

मग मीही माझा निकष सांगितला. 1951 साली वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियमवर रोझेटाने लग्न केलं. तिसरं. त्याला तिकीट लावलं. आपल्याकडे आठशे माणसांना जेवण घालून वर त्यांची नाराजी ऐकावी लागते. तिकडे 20-25 हजार माणसं पैसे मोजून लग्नाला आली. विधी झाले, आणि नवरीने नवरीच्याच कपड्यांत गिटार गळ्यात घालून पूर्ण कार्यक्रम केला. वर आतषबाजी.

तेव्हा ज्याने स्वतःच्या लग्नात, लग्नाच्या कपड्यांत, भरल्या स्टेडियमवर, तिकीट लावून वाजवलं असेल त्यालाच माझ्या घरी थोर म्हणायचं. हेन्ड्रिक्सचं तर लग्नच झालं नव्हतं, तो पहिल्याच फेरीत बाद. क्लॅप्टन आणि गिल्मोर यांचे पुरावे घेऊन या म्हणावं. तोपर्यंत भजी नाहीत.