खुलासा: ‘सीईए नॉर्मल, मग दुर्बीण कशाला?’
‘आतड्याचा कॅन्सर काढला, सीईए नॉर्मल आहे, आता दुर्बीण नको’ हा बेळगाव-निपाणीकडे फिरणारा मेसेज चुकीचा आहे. सीईए ही या कॅन्सरवर लक्ष ठेवण्यासाठीची रक्ततपासणी. उरलेल्या मोठ्या आतड्यात नवी गाठ होऊ शकते. ती लहान असताना सीईए बहुधा वाढत नाही.

कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) ऑपरेशननंतर १ वर्षाने करायची. ठीक असल्यास पुढे ३, मग ५ वर्षांनी. आतडं तुंबल्यामुळे आधी पूर्ण तपासणी झाली नसेल, तर ३ ते ६ महिन्यांतच. लिंच सिंड्रोम (या कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष) असल्यास दर १-२ वर्षांनी.

खरा घोटाळा दुर्बिणीआधी पोट साफ करण्यात होतो. खानापूरहून सकाळच्या बसने येणारे वाटेतल्या अडचणीच्या धास्तीने पोट साफ करणाऱ्या औषधाचा पहाटेचा डोस टाळतात. मग उजवीकडच्या आतड्यात मळ चिकटून राहतो, चपटा पॉलिप (आतड्याच्या आतली वाढ, जिचा पुढे कॅन्सर होऊ शकतो) नजरेतून सुटतो. त्यापेक्षा दुपारची वेळ मागा. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून थांबवा. पॉलिप दुर्बिणीतूनच काढता येतो; कॅन्सर झाल्यास बहुधा पुन्हा ऑपरेशन.