दिवाळीच्या रात्रीचा ‘तो’ फोटो दिवाळीचा नाहीच

लक्ष्मीपूजन जवळ आलं की व्हॉट्सअॅपवर भारताचा एक रंगीबेरंगी नकाशा फिरू लागतो: ‘नासाने टिपलेली दिवाळीची रात्र’. हा फोटो दिवाळीचा नाही. मुळात तो कुठल्याच एका रात्रीचा नाही. अमेरिकी हवामान उपग्रहांची अनेक वर्षांची नोंद एकत्र करून, वस्ती कशी वाढली हे दाखवायला तो २००३ मध्ये बनवला गेला. पांढरे दिवे १९९२ पूर्वीचे, निळे १९९२ चे, हिरवे १९९८ चे, लाल २००३ चे. आपण ज्याला आकाशकंदिलांचा झगमगाट समजून पुढे ढकलतो, तो शहरांचा पसारा आहे!

नासाने नोव्हेंबर २०१२ मधल्या दिवाळीच्या दिवसांतली खरी प्रतिमा दिली आहे. ती अगदीच साधी दिसते. पणत्या आणि माळांचा जादा उजेड नेहमीच्या दिव्यांपुढे इतका थोडा, की अंतराळातून तो बहुधा जाणवणारही नाही, असं नासाचंच म्हणणं.

अर्थात सणाची रोषणाई उपग्रहाला कधीच कळत नाही, असंही नाही. नाताळ ते नववर्षाच्या काळात अनेक अमेरिकी शहरं २० ते ५० टक्के जास्त उजळतात, हे २०१४ मध्ये नासानेच मोजून सांगितलं. फक्त ते आकडेमोडीतून कळलं, रंगीत फोटोतून नव्हे.