‘कॅश जास्त तो प्रोसेसर चांगला’: एका प्रचलित सल्ल्याचा प्रतिवाद

नवा डेस्कटॉप घेणाऱ्यांना उद्देशून लिहिलेला एक संदेश व्हॉट्सॲपवर बराच फिरतो. त्याचे म्हणणे असे: प्रोसेसर घेताना गिगाहर्ट्झ आणि कॅश (प्रोसेसरच्या आतली लहान पण अतिशय वेगवान स्मृती) हे दोनच आकडे पाहावेत, कॅश जितकी जास्त तितका प्रोसेसर वेगवान, कॅश ही प्रोसेसरच्या आतली रॅमच असल्यामुळे ती मोठी असेल तर रॅम कमी घेतली तरी चालते, आणि संगणक मंदावला की कॅश क्लिअर करावी. लोक पदरचे पैसे खर्च करून वर्षानुवर्षे वापरायची वस्तू घेतात, म्हणून यातला प्रत्येक दावा तपासून पाहायला हवा.

दोनच आकडे पुरतात, हा पहिला दावा. २०१२ साली बाजारात आलेले दोन प्रोसेसर या कसोटीवर घासून पाहू. एएमडीच्या एफएक्स-८३५० चा मूळ वेग ४ गिगाहर्ट्झ होता आणि त्यात ८ मेगाबाइट एल-२ व ८ मेगाबाइट एल-३ कॅश होती (एल-१, एल-२, एल-३ या कॅशच्या पातळ्या, आकडा जितका लहान तितकी ती जवळची). इंटेलच्या कोअर आय५-३५७०के चा मूळ वेग ३.४ गिगाहर्ट्झ आणि एल-३ कॅश अवघी ६ मेगाबाइट. संदेशाच्या हिशेबाने एएमडीचा प्रोसेसर दोन्ही बाबतींत पुढे होता. प्रत्यक्षात बहुतेक गेममध्ये आणि एकाच कोअरवर (प्रोसेसरमधल्या एका स्वतंत्र गणनाकेंद्रावर) चालणाऱ्या कामांत इंटेलचा प्रोसेसर सरस ठरला. व्हिडिओ एन्कोडिंगसारख्या, सगळे कोअर कामाला लावणाऱ्या कामांतच एफएक्सला बरोबरी साधता आली. गिगाहर्ट्झ हा आकडा एका सेकंदात प्रोसेसरच्या आतल्या घड्याळाचे ठोके किती पडतात एवढेच सांगतो. एका ठोक्यात किती काम उरकते, हे प्रोसेसरच्या अंतर्गत रचनेवर ठरते आणि ते खोक्यावर छापलेले नसते. म्हणूनच वेगवेगळ्या पिढ्यांच्या किंवा वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रोसेसरांचे गिगाहर्ट्झ समोरासमोर मांडण्यात अर्थ नसतो.

कॅश जितकी जास्त तितका वेग जास्त, या दुसऱ्या दाव्यात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच तो अधिक फसवतो. कॅश का लागते हे आधी पाहू. रॅममधून माहिती यायला साधारण ८० नॅनोसेकंद लागतात असे धरले, तर ४.५ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या कोअरचे तेवढ्या वेळात ३६० ठोके वाया जाऊ शकतात. एएमडीच्या झेन ३ रचनेत तीच माहिती एल-१ मध्ये सापडली तर ती सुमारे ४ ठोक्यांत मिळते, एल-२ मध्ये सुमारे १२ आणि एल-३ मध्ये सुमारे ४६ ठोक्यांत. अर्थात, जवळची कॅश लहान पण चपळ असते आणि लांबची मोठी पण संथ. त्यामुळे नुसते ‘इतके मेगाबाइट’ म्हणून भागत नाही. ती कोणत्या पातळीची आणि किती कोअरमध्ये वाटलेली, हेही विचारावे लागते.

एएमडीच्याच रायझन ७ ३७००एक्स आणि रायझन ७ ५८००एक्स या दोघांच्याही माहितीपत्रकात एल-३ कॅश ३२ मेगाबाइट अशीच दिसते. परंतु ३७००एक्समध्ये ती १६-१६ अशी दुभागलेली आहे आणि चार-चार कोअरच्या प्रत्येक गटाला स्वतःच्याच १६ मेगाबाइटचा थेट उपयोग होतो. ५८००एक्समध्ये आठही कोअरना अख्खी ३२ मेगाबाइट खुली आहे. आकडा तोच, व्यवहार निराळा. शिवाय जाहिरातीत एल-२ आणि एल-३ यांची बेरीज करून मोठा आकडा दाखवण्याची पद्धत आहे, ती खरेदीदाराला अंधारात ठेवणारी आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मोठ्या कॅशचा खरा फायदा कुठे होतो ते पाहू. २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डी मध्ये एएमडीने चिपवर कॅशचा आणखी एक थर चढवून एल-३ ची क्षमता ३२ वरून ९६ मेगाबाइटवर नेली, मात्र त्यासाठी कमाल वेग ४.७ वरून ४.५ गिगाहर्ट्झवर आणावा लागला. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरसारख्या गेममध्ये तो ५८००एक्सच्या बराच पुढे गेला. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडरिंग करताना, म्हणजे अंतिम चित्र तयार करताना मात्र जुना ५८००एक्सच किंचित पुढे राहिला. रेंडरिंगमध्ये वारंवार लागणारी माहिती बव्हंशी आधीच्याच कॅशमध्ये मावत होती, त्यामुळे वाढीव जागेला काही कामच उरले नाही.

कॅशचा उपयोग प्रोग्रॅम कसा लिहिला आहे यावरही ठरतो. सी भाषेत ४०९६ ओळी आणि ४०९६ स्तंभांचा पूर्णांकांचा (प्रत्येकी ४ बाइट) तक्ता घेतला, तर तो ६४ मेगाबाइट होतो. रॅममधून माहिती ६४ बाइटच्या तुकड्यांनी येते, म्हणजे एका तुकड्यात शेजारशेजारचे १६ पूर्णांक. बेरीज ओळीने केली तर आलेला तुकडा पुरता वापरला जातो. स्तंभाने केली तर दर पावलाला १६ किलोबाइटची उडी मारून नवा तुकडा मागवावा लागतो आणि तेच गणित कित्येक पट रेंगाळते. बेरीज तीच, प्रोसेसरही तोच.

कॅश मोठी म्हणून रॅम कमी घ्यावी, हा सल्ला तर सरळ नुकसान करणारा आहे. कॅशमध्ये रॅममधल्याच माहितीच्या प्रती असतात. त्याने रॅमची क्षमता वाढत नाही. ८ गिगाबाइट म्हणजे ८१९२ मेगाबाइट, त्यापुढे ९६ मेगाबाइटची काय कथा? रॅम अपुरी पडली की विंडोज एसएसडीचा आधार घेते आणि तिथला विलंब नॅनोसेकंदांत नव्हे, मायक्रोसेकंदांत मोजावा लागतो. मोठ्या कॅशमुळे रॅमच्या वेगावरचे अवलंबित्व कमी होते, एवढेच खरे.

कॅश क्लिअर करण्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ब्राउझरची कॅश डिस्कवर असते, तिचा प्रोसेसरच्या कॅशशी संबंध नाही. प्रोसेसरची कॅश हार्डवेअर स्वतः सांभाळते, आणि ती रिकामी केली तर सगळे पुन्हा रॅममधून आणावे लागून उलट वेळच जाईल.

एकाच रचनेचे प्रोसेसर तुलनेला घेतले, तर मात्र कॅशचा आकडा खरोखर बोलका असतो. रायझन ५ ५६०० आणि ५६००जी दोन्ही झेन ३ चे, दोन्हींत सहा कोअर, दोन्हींचा कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ. एल-३ कॅश मात्र पहिल्यात ३२ आणि दुसऱ्यात १६ मेगाबाइट आहे, आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड लावून गेम खेळणाऱ्याला हा फरक जाणवतो. उलट ज्याला कार्डावर खर्च करायचा नाही, त्याने अंगभूत ग्राफिक्स असलेला ५६००जी घ्यावा, कारण ५६०० मध्ये ती सोयच नाही. दुकानदाराच्या कोटेशनमध्ये नुसते ‘रायझन ५’ लिहिले असेल, तर पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून मागावा, आणि मशीन हाती आल्यावर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स विभागात प्रोसेसरचे नाव आणि एल-३ चा आकडा त्याच्याशी ताडून पाहावा.