नायिकेच्या मरणाचा दंड

आमच्या तालुक्याच्या वाचनालयाने गेल्या आठवड्यात माझ्याकडून वीस रुपये दंड घेतला आणि नोंदवहीत कारण लिहिले, 'अश्रूंचे डाग'. नायिका मेल्याचे दुःख नाही, पण ग्रंथपाल सोकावता कामा नयेत, म्हणून हे लिहीत आहे.

कादंबरी प्रेमाची आणि विरहाची होती. वेंगुर्ल्याकडची नायिका, मुंबईत नोकरी करणारा नायक, मध्ये तिच्या रक्ताचा काहीतरी आजार आणि शेवटी भाद्रपदातली ती रात्र. मी रडलो नाही. नायिका पहिल्यांदा खोकली तेव्हाच तिचे काय होणार हे मला कळले होते, आणि कळले नसते तरी त्याच पानाच्या समासात कोणा वाचकाने पेन्सिलीने 'ही मरते' असे लिहून ठेवले होते. पाने भिजली ती वाचनालयाच्याच पावसाने, कारण या कादंबऱ्यांचे कपाट ज्या भिंतीला टेकलेले आहे ती मृगापासून पाझरत असते. "मग नेमकं ती मरते तेच पान कसं भिजलं?" असे ग्रंथपाल बाईंनी विचारले. शिवण सैल झाल्यामुळे पुस्तक हातात घेताच नेमके तिथेच उघडते आणि जो तो तेच पान काढून उभ्या उभ्या वाचतो, हे मी सांगितले. त्यावर त्या मायेने म्हणाल्या, "अहो, रडलात तर रडलात, त्यात लाजायचं काय?" दंडापेक्षा ही माया मला अधिक झोंबली.

तेवढ्यात वर्तमानपत्रांच्या मेजावरून तात्या उठले. तात्या एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले असले, तरी बोलताना आजही फलाटावर गाडी लागल्याची सूचना देत असल्यासारखे बोलतात. कादंबरी त्यांनी वाचलेली होती आणि तिच्यावर त्यांचा एकच, परंतु प्राणांतिक आक्षेप होता. नायिका अत्यवस्थ असल्याचा निरोप नायकाला मुंबईत मिळतो आणि 'त्या रात्री कोकणात जाणारी एकही गाडी नव्हती' म्हणून तो दुसऱ्या दिवशी, सारे संपल्यावर पोहोचतो, हे वाक्य तात्यांच्या वर्मी लागले होते.

"चतुर्थीच्या आदल्या राती गाडी नाय?" तात्यांनी मेजावर हात आपटला. "आमी चतुर्थीक रात-रातभर निजाक नाय, आणि हो लेखक म्हणता एकव गाडी नाय? त्येना परळाक जावन जादा गाडी धरूक व्हयी होती!"

नायक दुःखाने वेडापिसा झाला होता, असे मी सुचवून पाहिले.

"वेडोपिसो झालो तरी चौकशीच्या खिडकीर इचारूक काय जाता?" मग त्यांनी परळ आगारापासून वेंगुर्ल्यापर्यंतचे थांबे, चहापाण्याचा वेळ आणि चालक बदलण्याची ठिकाणे बोटांवर मोजली आणि नायक पहाटेच तिच्या उशाशी बसलेला असता असे सिद्ध केले. एसटी नको असेल तर 1998 पासून सगळा मार्ग खुला झालेली कोकण रेल्वे आहेच, हेही त्यांनी, नाइलाजाने का होईना, मान्य केले. "मरान काय, ता येतलाच. पण गाडी नाय ह्या कसा लिवल्यान?"

साहित्याच्या इतिहासात तात्या एकटे नाहीत. जर्मन लेखक गटेची 'वेर्थर' ही कादंबरी 1774 साली आली, तेव्हा तरुण मुले नायकासारखा निळा कोट आणि पिवळे जाकीट घालून हिंडू लागली आणि लाइपझिग शहराने पुढच्याच वर्षी पुस्तकासह त्या पोशाखावरही बंदी घातली. त्याच वर्षी निकोलाय नावाच्या बर्लिनच्या प्रकाशकाने नायक स्वतःवर गोळी झाडून घेतो तो शेवट दुरुस्त करून टाकला: पिस्तुलात कोंबडीचे रक्त भरलेले निघते, नायक वाचतो आणि नायिकेशी त्याचे लग्नही लागते. गटेने त्यावर केलेली कविता चारचौघांत वाचण्यासारखी नाही. आमच्या कादंबरीकाराची गाठ तात्यांशी पडली, तर त्यालाही तसलीच कविता सुचेल.

मात्र एका मुद्द्यावर मला तात्यांना अडवावे लागले. जादा गाडी मिळाली असती तरी नायक चतुर्थीच्या आदल्या रात्री माणगावच्या कोंडीत अडकून पडला असता. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण 2011 साली सुरू झाले, आणि तेव्हापासून आम्ही चाकरमान्यांच्या पोहोचण्याच्या वेळा देवावर सोडलेल्या आहेत. नायिकेचे म्हणाल, तर वेंगुर्ल्याहून तिला गोव्यात बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात न्यायचे म्हणजे राज्याची हद्द ओलांडायची आणि कोल्हापूरला न्यायचे म्हणजे घाट चढायचा. आमच्या किनाऱ्यावर माणूस मारायला कादंबरीकाराला असाध्य रोग शोधावा लागत नाही, साधे अंतर पुरते. आणि ते त्याने लिहिले असते तर मी कदाचित खरोखरच रडलो असतो. त्याने मात्र पारिजातकाच्या सड्यावर दोन पाने खर्च केली आहेत.

तात्या माणगावचे नाव ऐकून गप्प झाले. मग त्यांनी ती कादंबरी माझ्या हातातून घेतली, शर्टाच्या खिशातले बॉलपेन काढले आणि अखेरच्या पानावर, 'समाप्त'च्या खाली, निळ्या शाईत ठसठशीत लिहिले, 'परळहून जादा गाडी होती.' खाली सही केली, हुद्दा लिहिला आणि तारीखही घातली. ग्रंथपाल बाईंनी ते सारे डोळ्यांनी पाहिले. तात्यांना दंड झाला नाही. ते कार्यकारिणीवर आहेत.